जुनीच वेळ

छापखान्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या दिराने भावजयीला संगणकावर पुस्तकांची पानं लावायच्या कामावर चिकटवलं होतं. कुणी वशिला म्हणू नये म्हणून तो तिच्याशी जरा जास्तच कडक वागे.

त्या दुपारी छपाईआधी त्याने सर्व्हरवरची तिच्या पुस्तकाची फाइल आपल्या मशीनवरून पाहिली. सेव्ह केल्याची वेळ सकाळचीच दिसत होती.

"वहिनी, दुरुस्त्या केल्याच नाहीत तुम्ही!"

"केल्यात, भाऊजी. आत्ताच सेव्ह केलं."

"मग ही वेळ काय खोटं बोलते? असल्या थापा घरी चालतील, इथे नाही."

सगळी खोली ऐकत होती. ती पहिल्या पानापासून सगळं पुन्हा तपासू लागली.

थोड्या वेळाने त्याने सहज पाहिलं, तर वेळ बदललेली. तीही त्याच्या ओरडण्याच्या आधीची! सर्व्हरवर फाइल केव्हाच नवी झाली होती. त्याचं मशीन मात्र सर्व्हरला न विचारता मागे कळलेली वेळच दाखवत बसलं होतं. सर्व्हरवर ताण नको म्हणून ती माहिती जास्त काळ धरून ठेवायची सोय त्यानेच केली होती.

तो तिच्या खुर्चीजवळ जाऊन हळूच म्हणाला, "वहिनी, चुकलं माझं. फाइल बरोबर होती."

"कानात काय सांगता, भाऊजी? ओरडताना तर आवाज चांगला खणखणीत होता."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोलीच्या मधोमध उभं राहून त्याने सगळ्यांना खरं काय ते सांगितलं. तिच्याकडे पाहायचं धाडस मात्र त्याला झालं नाही.