आजारपण ह्यात बसत न्हाई

मित्रांनो, कसबा बावड्यातल्या एका घराच्या माळ्यावर, जुन्या वाकळांखाली, एक चामडी बॅग पडून आहे. ती मी. माझी कुलपं आता लागत नाहीत, शिवण उसवली आहे. पण एके काळी मी सातासमुद्रापार जाऊन आले आहे.

मला निसारभाईंनी घडवलं. कोल्हापूर शहरात त्यांचं चामड्याच्या वस्तूंचं लहानसं दुकान होतं. सयाजीरावांचा मुलगा कृष्णात इंजिनीअर होऊन अमेरिकेला निघाला, तेव्हा सयाजीराव त्यांना म्हणाले, "पोरगं लांब निघालंय, निसारभाई. बॅग अशी करा की चारचौघांनी बघत ऱ्हावं." निसारभाईंनी जाड चामडं निवडलं, दुहेरी शिवण घातली, पितळी कुलपं बसवली. स्टेशनात लोक मला हात लावून बघत, आणि मी फुलून जाई.

कृष्णात तिकडेच नोकरीला लागला. पुढे एकदा गावी आला तेव्हा त्यानं मला आईसाठी, चिमणाबाईंसाठी, ठेवलं. १९७८ साली त्यानं तिला बोलावून घेतलं. म्हशी सोडून सयाजीरावांना हलता येईना, म्हणून चिमणाबाई एकट्याच निघाल्या. गावातले विमा एजंट हंबीरराव घरी आले. माझ्यावर थाप मारून त्यांनी विमा समजावला.

"वैनी, हजार माणसं प्रवासाला निघत्यात. समदी थोडं थोडं घालत्यात. एखाद्यावर बेतलं तर त्या साठलेल्यातनं त्याला भरपाई मिळती. अपघातात हातपाय मोडला, न्हाईतर ही बॅग हरवली, तर कंपनी देणार."

"आनि मी आजारी पडलो तर?" चिमणाबाईंनी विचारलं. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात.

हंबीरराव जरा घुटमळले. "आजारपण ह्यात बसत न्हाई, वैनी. परदेशातल्या दवाखान्याचा विमा आपल्याकडं अजून निघाला न्हाई."

"मला काय धाड भरलीया?" असं म्हणून त्या चहा ठेवायला उठल्या.

वाटेत विमान बदलताना मी चुकून भलत्याच शहरात गेले. काही दिवसांनी कृष्णातच्या घरी पोचले, तेव्हा माझी एक कड फाटली होती आणि आतली दोन लुगडी नाहीशी झाली होती. हंबीररावांनी इकडून खटपट केली, कंपनीनं भरपाई दिली. गावाकडून तसं कळलं तेव्हा चिमणाबाई पोट धरून हसल्या. "बॅगंचं बरं हाय की!"

थंडी पडली आणि त्यांच्या छातीत दुखू लागलं. माझ्या शेजारी पलंगावर बसून त्या छाती चोळत. कृष्णातची चाहूल लागली की पदर सावरून उठत. त्याच सुमारास शेजारच्या एका भारतीय मुलाचे वडील इस्पितळात पडले होते, आणि त्या खर्चापायी त्याला राहतं घर विकावं लागलं होतं. चिमणाबाईंनी ते ऐकलं होतं.

"आई, तोंड का उतरलंय?" कृष्णात विचारी.

"पित्त झालंय रं. तुमचं पाणी मानवंना."

एका सकाळी त्यांनी मला पलंगावर ओढलं आणि कपडे भरायला घेतले. "म्हस व्यायला झालीया. मला गावाकडं लावून दे."

"म्हशीची एवढी काळजी? माझं घर आवडलं नाही, तसं सांग की सरळ!"

त्यांनी माझं झाकण दाबून कुलपं लावली. विमानतळापर्यंत मायलेकरांत एक शब्द झाला नाही.

गावी परतल्यावर डॉक्टर घरी येऊन तपासून गेले. पहिल्यांदा दुखलं तेव्हाच दाखवायला हवं होतं, असं म्हणाले. उन्हाळा लागायच्या आत चिमणाबाई गेल्या.

कृष्णात आला तो मातीनंतर. चिमणाबाईंनी परतल्यावर सांगितलेलं सगळं सयाजीरावांनी त्याच्या कानावर घातलं. तो माझ्यावर बसून रडला.

"मी रुसून बोललो तिच्याशी, आण्णा. नुसतं दुखतंय म्हणाली असती तर..."

"तर तू घर इकून दवाखाना केला असतास," सयाजीराव म्हणाले. "म्हणूनच ती बोलली न्हाई."

काही वर्षांनी त्यांची मुलगी बनाबाई भावाकडे निघाली. हंबीरराव पुन्हा आले. "आता तिकडच्या आजारपणाचाबी विमा निघालाय. निघायच्या आधीच काढायचा. जुनं दुखणं लपवायचं न्हाई, त्याचा खर्च त्यात धरत न्हाईत. नवं काय झालं तर कंपनीला लगीच कळवायचं, मग दवाखान्याचं ती बघती."

"बनाबाईचा काढा," सयाजीराव म्हणाले. मग हळूच म्हणाले, "उशीर झाला की, हंबीरराव."

हंबीररावांनी पिशवीतून कागद काढला आणि बनाबाईचं नाव लिहायला घेतलं.

बनाबाईनं चाकांची हलकी बॅग घेतली आणि मी माळ्यावर गेले. त्याची माझी तक्रार नाही.

मित्रांनो, प्रवासाला निघताना सामान जपा, विमाही काढा, आणि त्यात काय बसतं, काय बसत नाही, ते नीट विचारून घ्या. पण तुमच्या घरचं माणूस "मला काही झालं नाही" म्हणालं, तर तेवढ्यावर उठून जाऊ नका. जवळ बसा, पुन्हा विचारा. त्या पलंगापाशी मी रोज होते. मला सगळं दिसत होतं, पण विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.