पिळलेली चकती आणि ओले मोजे

मित्रांनो, शर्टाच्या बटणाएवढी मी एक जुनी चकती आहे, निकेल आणि ॲल्युमिनियम यांच्या मेळातून घडलेली. आमच्यात प्रत्येक अणूची जागा ठरलेली असते, पंगतीत पाट मांडावेत तशी. त्या शिस्तीमुळे आम्ही आगीला भीत नाही. पण ठोका बसला की तडकतो. माझ्या सगळ्या बहिणी तशाच तडकल्या.

बर्फाळ उफा शहरातल्या प्रयोगशाळेत धातूंवर संशोधन करणाऱ्या मिन्सिलूने मला उचललं तेव्हा मी एकटीच उरले होते. हीही तडकली तर काम बंद, असं तिला वरून बजावलं होतं.

तिने मला दोन पोलादी ऐरणींमध्ये घट्ट दाबलं आणि खालची ऐरण सावकाश फिरवली. धुणं पिळावं तशी मी पिळली गेले. अणूंच्या पंगतींनी बनलेले माझे मोठाले कण मोडून धुळीहून बारीक झाले. अणूंचे पाट उधळले. मी कणखर झाले खरी, पण आतून सैरभैर. मग तिने मला मंद भट्टीत ठेवलं. त्या उबेत अणू हळूहळू आपल्या पाटांवर परतू लागले आणि कण मात्र बारीकच राहिले, म्हणजे आता मला न तडकता वाकता येणार होतं. फार बरं वाटत होतं.

मिन्सिलू चहा करायला गेली आणि तिच्याबरोबर काम करणारे तागिर आगाई बर्फ झटकत आत आले. आगाई म्हणजे थोरले काका. वयाने मोठे म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत. हिवाळ्यात भट्टीवर हातमोजे वाळवायची तिथे सर्वांनाच सवय. त्यांचे ओले हातमोजे लवकर वाळेनात, म्हणून त्यांनी कळ फिरवून आच वाढवली.

माझ्यात धग शिरली. दांडगे कण शेजारच्या धाकट्यांना गिळू लागले. असंच चाललं तर मी पुन्हा पूर्वीसारखी ठिसूळ होणार होते.

तेवढ्यात मिन्सिलू परतली. तिचं लक्ष भट्टीवरच्या तापमानाच्या आकड्यांकडे गेलं.

“आगाई, आच कोणी वाढवली?”

“मी. भट्टी रिकामीच आहे ना, पोरी?”

“आत माझी चकती आहे.”

आगाईंचा चेहरा उतरला. त्यांनी भट्टीचं दार उघडून धरलं. मिन्सिलूने मला चिमट्याने बाहेर काढलं. निवल्यावर तिने मला यंत्रात धरून वाकवलं. माझ्या एका कडेचे थोडे कण वाढले होते, पण बाकीच्यांनी मला सावरलं. मी वाकले, तडकले नाही.

“बघ, हातमोजेही वाळले,” आगाई हळूच म्हणाले.

“आता गुपचूप चहा घ्या. मध घातलाय.”

काम चालू राहिलं. मी तिच्या मेजावर काचेच्या डबीत असते, जराशी वाकडी आणि सुखात. मित्रांनो, पिळवटून आलेल्याला मोठी आच सोसत नाही. मंद ऊब आणि थोडी सवड पुरते. कळ फिरवण्याआधी आत कोण आहे, तेवढं पाहत जा.