तीन मिनिटांची पायरी

मित्रांनो, पायरी म्हटली की तुमच्या डोळ्यांसमोर जिना येतो. मला जिना नाही. माझ्या खालीही पायरी नाही आणि वरही नाही. मी एकटीच आहे, वीतभर उंच आणि हातभर लांब. माझ्यावर चढून कोणी माडीवर गेलेलं नाही. माझ्यावर उभं राहिलं की बुटक्या माणसाचं तोंड मायक्रोफोनपाशी येतं, एवढाच माझा उपयोग. पण एवढ्यासाठी मला फार मन लावून घडवलं होतं.

मला घडवलं एमॉस टिडवेल यांनी. ते सुतार होते. जन्मभर त्यांनी लोकांच्या स्वयंपाकघरांतली कपाटं केली. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात पसरलेल्या आमच्या शहरात त्या वेळी पाच लाख माणसं राहत होती. शहर इतकं सपाट आणि लांबलचक, की एका टोकाची माणसं दुसऱ्या टोकाला कधी जायचीच नाहीत. अशाच एका टोकाला डेझर्ट लार्क नावाची चाकांवरच्या घरांची वस्ती होती. चाकं नावालाच. घरं तिथे येऊन चाळीस-पन्नास वर्षं झालेली, त्यांना ओसऱ्या जोडलेल्या, पुढे निवडुंग लावलेले. घर ज्याचं त्याचं, जमीन मात्र मालकाची. तिथे एमॉस आणि त्यांची बायको व्हर्ना राहत.

व्हर्नाबाई चार फूट आठ इंचांच्या. सव्वीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली, तीही पाठीशी दोन उशा लावून. आवाज मात्र असा, की मागच्या सीटवरचा दंगाही एका हाकेत थांबायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी नगरपरिषदेच्या सभेला जायला सुरुवात केली. तिथे कोणाही माणसाला तीन मिनिटं बोलता येतं. पहिल्या दिवशी त्या बोलायला उभ्या राहिल्या, तेव्हा समोरच्या उंच मंचावरून महापौरांना फक्त पांढऱ्या केसांचा अंबाडा दिसला. लोक हसले. व्हर्नाबाईही हसल्या, पण घरी येऊन दोन दिवस गप्प होत्या.

तिसऱ्या दिवशी एमॉसनी मेस्कीटची फळी काढली. मेस्कीट म्हणजे आमच्याकडची बाभूळच. लाकूड चिवट, रंधा घेताना जीव काढतं. त्यांनी एकही खिळा न वापरता मला जोडलं, पाय घसरू नये म्हणून वर गालिच्याचा तुकडा चिकटवला आणि बाजूला हात घालून उचलायला खाच ठेवली.

"हे काय?" व्हर्नाबाईंनी विचारलं.

"तुझी उंची," एमॉस म्हणाले. "गाडीच्या डिकीत ठेव."

मित्रांनो, तेव्हापासून माझे सुखाचे दिवस सुरू झाले. दर पंधरवड्याला मी सभागृहात जायची. वस्तीसमोरच्या बसथांब्याला सावली नव्हती. उन्हाळ्यात तिथला लोखंडी बाक तव्यासारखा तापायचा. तिथे छप्पर हवं म्हणून व्हर्नाबाई दोन वर्षं बोलल्या. समोरचे कधी ऐकायचे, कधी फोन बघायचे. अखेर छप्पर आलं. वस्तीने केक आणला, मलाही थांब्याभोवती मिरवलं. कोणीतरी माझ्यावर मेणबत्तीसुद्धा लावली. तो मेणाचा डाग अजून आहे.

त्याच वस्तीत रुबेन आर्चुलेटा लहानाचा मोठा झाला होता. सहा वर्षं तो व्हर्नाबाईंच्याच बसने शाळेत गेला. बसमधली सगळी मुलं त्यांना 'मिस व्हर्ना' म्हणत. पुढे वकील झाला, आईला घेऊन शहराच्या दुसऱ्या भागात राहायला गेला. एक दिवस तो नगरसेवकपदासाठी उभा राहिला आणि पहिलं भाषण करायला डेझर्ट लार्कमध्ये आला. उभं राहायला मंच नव्हता. एमॉसनी मला पुढे सरकवलं. रुबेन माझ्यावर उभा राहिला.

"मी इथलाच आहे," तो म्हणाला. "तुम्हाला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही."

व्हर्नाबाई आणि एमॉस त्याच्यासाठी भर उन्हात दारोदार फिरले. रुबेन थोडक्या मतांनी निवडून आला. त्या दिवशी व्हर्नाबाई एवढ्या ओरडल्या, की आठवडाभर घसा बसला.

मग दोन गोष्टी एका वर्षात घडल्या. एमॉसना विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं. आणि वस्तीच्या जमिनीच्या मालकाने नगरपरिषदेकडे अर्ज केला, की इथे तीन मजली भाड्याच्या इमारती बांधायच्या आहेत, जमिनीचा वापर बदलून द्या. वस्तीच्या तोंडाशी त्या अर्जाच्या सुनावणीची पिवळी पाटी लागली. घरं हलवावीत, तर ती इतकी जुनी, की जागेवरून ओढताच मोडून पडली असती.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. व्हर्नाबाईंचा नंबर आला. त्यांनी मला ठेवलं, वर चढल्या.

"मी आकडे आणलेले नाहीत, ते तुमच्याकडे आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्या नवऱ्याला विसर पडतोय. काल त्यानं मला विचारलं, बाई, तुम्ही इथे कामाला असता का? पण आमच्या घरात तो चुकत नाही. भिंतीला हात लावत बरोबर न्हाणीपाशी जातो, कारण ती भिंत त्यानंच घातलीय. कॉफीचा डबा कुठे आहे हे त्याच्या डोक्याला आठवत नाही, पण हाताला आठवतं. ते घर म्हणजे त्याचं उरलेलं डोकं आहे. ते तुम्ही पाडू नका. एवढंच."

तीन मिनिटं पुरी व्हायच्या आत त्या खाली उतरल्या.

सात सदस्य होते. तिघांनी अर्जाला हो म्हटलं, तिघांनी नाही. उरला रुबेन. त्याने समोरचे कागद सारखे केले. पुन्हा सारखे केले.

"आपण नाही म्हटलं," तो म्हणाला, "तरी मालक सहा महिन्यांत वस्ती बंद करू शकतो. कायदा त्याला अडवत नाही. हो म्हटलं तर लोकांना अठरा महिने मिळतील, आणि दुसरी जागा शोधायला मदत मिळेल. हे मी त्याच्याकडून लिहून घेतलंय. माझं मत, हो."

"रुबेन!" व्हर्नाबाई जागेवरूनच म्हणाल्या.

"बाई," महापौर म्हणाल्या, "सदस्यांना आडनावाने संबोधा. आणि जागेवरून बोलू नका."

"याला मी सहा वर्षं रोज शाळेत नेलंय. याचा डबा विसरला की माझा दिलाय. याला मी आडनावाने हाक मारू?" आणि मग एकदम हळू, फक्त त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "लिहून घेतलंस ना? मग आधी आमच्याकडे का नाही आलास? विचारलं असतंस, तर कदाचित आम्हीच हो म्हणालो असतो."

व्हर्नाबाई शेजारी बसलेल्या एमॉसचा हात धरून निघून गेल्या. मी तिथेच राहिले. इतक्या वर्षांत त्या मला पहिल्यांदाच विसरल्या.

नगरसचिव लोरेटा याझी यांनी मला उचलून कपाटात ठेवलं. कपाटात जुने झेंडे होते, तुटक्या खुर्च्या होत्या. तिथे मी दीड वर्ष काढलं. धूळ खाण्याचं मला काही वाटलं नाही. व्हर्नाबाई मला न्यायला आल्या नाहीत, हे मात्र फार लागलं.

मग एका शनिवारी रुबेनने मला बाहेर काढलं, रुमालाने पुसलं आणि गाडीत ठेवलं. टिडवेल जोडप्याला आमच्या शहरात परवडेल असं घर मिळालं नव्हतं. कालव्यापलीकडच्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या मजल्यावर त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या. दार एमॉसनीच उघडलं. ते वाळले होते. शर्टाची बटणं एक घर सोडून लागली होती.

"मी रुबेन. ही तुमची पायरी आणलीय."

एमॉसनी मला हातात घेतलं, उलटं केलं, सांध्यावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता ओळखतील.

"खिळा नाही एकही," ते कौतुकाने म्हणाले. "ज्यानं केलं, त्याला घाई नव्हती."

"तुम्हीच केलंय, मिस्टर टिडवेल."

"चल, थट्टा करतोस म्हाताऱ्याची." ते हसले. मग मागे वळून पाहिलं आणि रुबेनच्या कानाशी आले. "तुझ्याकडे गाडी आहे ना? आम्हाला घरी सोड. व्हर्ना संकोचाने बोलत नाही, पण पाहुण्यांनी दुसऱ्याच्या घरात राहायचं तरी किती दिवस? इथली माणसं परत यायच्या आत निघू या."

रुबेन दारातच उभा राहिला.

आतून व्हर्नाबाई आल्या. "उद्या जाऊ हं, एमॉस," त्या म्हणाल्या. "आज रस्ता बंद आहे."

"उद्या," एमॉस म्हणाले, आणि मला रुबेनच्या हाती देऊन समाधानाने खुर्चीत जाऊन बसले. बूट घातलेलेच होते.

"रोज असं...?" रुबेनने विचारलं.

"दिवसातून पाच-सहा वेळा."

"मिस व्हर्ना, मला खरंच वाटलं होतं, की..."

"ठाऊक आहे. तुला आमचं भलंच करायचं होतं." त्यांनी मला त्याच्या हातातून घेतलं. "वाईट केलं असतंस, तर मला शिव्या तरी देता आल्या असत्या. ये, कॉफी घे."

त्याने कॉफी उभ्यानेच घेतली आणि कप स्वतः विसळून ठेवला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात, एका दुपारच्या सभेला, व्हर्नाबाई दोन बस बदलून मला घेऊन आल्या. मला खाचेत धरलेला त्यांचा हात आता हलका झाला होता. त्यांनी बोलण्यासाठीची चिठ्ठी भरली. चिठ्ठीवर नाव आणि पत्ता लिहावा लागतो. त्यांनी आधी एक पत्ता लिहिला, खोडला, मग दुसरा लिहिला.

लोरेटाबाईंनी चिठ्ठी वाचली आणि त्यांचा चेहरा पडला. "मिस व्हर्ना, हा पत्ता शहराबाहेरचा आहे. नवा नियम झालाय. आधी शहरातले रहिवासी बोलतात. वेळ उरला, तर बाहेरचे."

"मी इथे एकतीस वर्षं राहिले, लोरेटा."

"मला माहीत आहे हो."

व्हर्नाबाई शेवटच्या रांगेत बसल्या, मी त्यांच्या पायांपाशी. त्या दिवशी कुत्र्यांच्या बागेचा विषय होता. कुंपण चार फूट असावं की पाच, यावर बावीस माणसं बोलली. एकाने कुत्राही आणला होता. मग महापौरांनी हातोडा आपटला. वेळ संपला. लोक गप्पा मारत बाहेर पडले.

रुबेन मंचावरून खाली आला. "काय बोलायचं होतं, मिस व्हर्ना?"

"विशेष काही नाही. एमॉस मंगळवारी गेला."

तो खाली बसला.

"मागायचं काही नव्हतं रे," त्या म्हणाल्या. "घर गेलं, वस्ती नकाशातून पुसली. तिथल्या रस्त्याचं नावसुद्धा बदललंय. म्हटलं, तुमच्या कागदांत तरी कुठेतरी लिहिलेलं असावं, की तो इथे राहत होता."

रुबेनने लोरेटाबाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. "ध्वनिमुद्रण बंद झालंय," त्या म्हणाल्या. "सभा संपल्यावर बोललेलं मला लिहिता येत नाही. नोकरीचा प्रश्न आहे."

"तरी बोला," रुबेन म्हणाला. तो वर आपल्या खुर्चीकडे गेला नाही. लोकांच्या पहिल्या बाकावरच बसून राहिला.

व्हर्नाबाईंनी मला जागेवर ठेवलं आणि चढल्या. बंद मायक्रोफोन सवयीने सरळ केला.

"नाव, एमॉस टिडवेल," त्या म्हणाल्या. "पत्ता, डेझर्ट लार्क, जागा क्रमांक बारा."

पुढे त्यांना काही सुचेना. एरवी तीन मिनिटं झाली, की समोर लाल दिवा लागतो. आज दिवा लागणार नव्हता, थांबवणारं कोणी नव्हतं. तरी त्या बोलल्या नाहीत. नुसत्या माझ्यावर उभ्या राहिल्या. त्यांचं वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर जात होतं, ते मी सोसत होते. मित्रांनो, त्यांचं तेवढंच सोसणं माझ्या वाट्याला आलं.

उतरल्यावर रुबेनने मला उचलायला हात पुढे केला.

"राहू दे इथेच," त्या म्हणाल्या. "माझ्याहून बुटकी कोणीतरी येईल."

पुढच्या सभेत आधीच्या सभेचं इतिवृत्त मंजुरीला आलं. त्यात लिहिलं होतं, "शहराबाहेरील वक्ते: कोणी नाही." अशा कागदाला सगळे न वाचताच हो म्हणतात. त्या दिवशी रुबेन एकटा नाही म्हणाला. सहा विरुद्ध एक मतांनी ते मंजूर झालं.

आता माझ्या पोटावर नगरपरिषदेच्या मालमत्तेचा क्रमांक चिकटवलेला आहे. शाळेच्या सहली येतात. मुलं माझ्यावर उभी राहून मायक्रोफोनमध्ये ओरडतात, शिक्षिका फोटो काढतात. मला मुलं आवडतात. त्यांची वजनं हलकी असतात, आणि ती काही मागायला आलेली नसतात.

मित्रांनो, तुमच्यातलंही कोणीतरी उद्या मोठं होऊन अशा उंच खुर्चीत बसेल. माझी काळजी घेतली नाहीत, तरी चालेल. मेस्कीटचं लाकूड आहे, टिकेल. पण कोणाच्या तरी घराचं काही ठरवायची वेळ तुमच्यावर आली, आणि तुम्ही त्याचं भलंच करणार असलात, तरी आधी त्याच्या दाराशी जा. म्हातारी माणसं असतील, तर दार उघडायला वेळ लागेल. तेवढं थांबा. दार तिथे आहे तोवरच जा.