दोन मुळे

जीभ माझी पहिल्यापासून तिखट. त्या जानेवारीत साकुराजिमाचा डोंगर फुटला, राख पडायला लागली, तेव्हाही ती गप्प बसली नाही. खाडीपलीकडे माझ्या भावाकडे आसऱ्याला निघालो होतो. हे होडीत पाय ठेवणार, तोच मी म्हटलं, "कुणाच्या दारात हात हलवत जायचं का? शेतातले दोन मुळे तरी उपटून आणा."

"अगं, डोंगर पेटलाय."

"म्हणून रीत सोडायची?"

ते गेले. होडीवाला थांबला तेवढा थांबला, मग निघाला. हे काही परत आले नाहीत. पुढे कुणीतरी म्हणालं, तुझ्या तोकुजीला दुसऱ्या होडीत पाहिलं. चाळीस वर्षं मी त्यांना पळपुटे म्हणत आले. आमच्याकडे थडग्यांवर राख पडू नये म्हणून छप्पर घालतात. सासूच्या थडग्याभोवतीची राख मी रोज झाडली, पण शेजारी यांच्या नावाचा दगड लावू दिला नाही.

मागच्या वर्षी माझ्या लेकाने, इसामुने, शेत उलटायला घेतलं. डोंगराने ओतलेली कमरेइतकी खडी खाली पुरायची आणि तिच्याखालची जुनी काळी माती वर आणायची. त्याशिवाय पीक धरत नाही. तिसऱ्या चरात जुनी सरी लागली. तिच्यावर यांच्या चिलमीचं पितळी तोंड पडलेलं. दातांच्या खुणा मी ओळखते. शेजारी खडीत दोन गोल पोकळ्या होत्या, भोपळ्याएवढ्या; आमच्याकडचा मुळा तेवढाच होतो. मुळे कुजून गेले होते, त्यांची जागा तेवढी राहिली होती.

"आणि हाडं?" मी विचारलं.

माती तपासायला आलेला साहेब मान खाली घालून म्हणाला, "राखेची माती आंबट असते, आजी. हाडं विरघळतात हिच्यात."

मीच मारलं त्यांना. दुसरं काही म्हणता येत नाही.

इसामुने फावडं टाकलं. "आई, एवढा तुकडा सोडू का?"

"नको. वर काढ," मी म्हटलं. "फार वर्षं खाली राहिले ते."

मूठभर माती सासूशेजारी पुरली, दगड लावला, वर छप्पर घातलं. उरलेल्या शेतात मुळा पेरला. या जानेवारीत पहिले दोन काढले आणि होडीने भावाकडे घेऊन गेले. आता तो पार थकलाय, ऐकूही कमी येतं. दारातच म्हणाला, "अगं, हे ओझं कशाला आणलंस? रिकाम्या हाताने आली असतीस तरी चाललं असतं."