कातडीखालची हवा

दाढ काढली त्या दिवशी डॉक्टरांनी पुष्पलताला बजावून सांगितलं होतं, "बेटी, घाव भरने तक नाक जोर से मत छिनकना. और चूल्हे की फुंकनी को तो हाथ भी मत लगाना."

वरच्या दाढेची मुळं फार खोल गेलेली होती. जोरात फुंकलं तर हवा त्या भोकातून कातडीखाली शिरते, असं त्यांनी तिच्या वडिलांना, डोमाजींना, नीट समजावलं. मागे गोंदियाच्या एका बँडवाल्यानं ऐकलं नव्हतं. वरातीत वाजवता वाजवता त्याचा गाल, डोळा, गळा सगळं फुगून आलं. "मरा नहीं," डॉक्टर हसून म्हणाले, "मगर घरवालों ने पहचाना नहीं."

डोमाजी जंगल खात्यात नाकेदार. घरी येताना रिक्षातच त्यांनी लेकीला सांगून टाकलं, "गुरुवारी लालबर्ऱ्याचे पाहुणे तुले पाहाले येऊन राह्यले. तोवर तोंड ठीक झालं पाह्यजे."

लालबर्ऱ्याचे पाहुणे म्हणजे शालिकराम आणि त्याची आई भागरथाबाई. घरचं शेत, बैलजोड्या, कशाची ददात नाही. शालिकरामची पहिली बायको मात्र विहिरीत सापडली होती. पाय घसरला, असं घरचे सांगत. तिला बाहेर काढताना ज्या बाया तिथं होत्या त्या पाठीवरच्या चटक्यांचं सांगत, पण हळू आवाजात.

घरी आई, कमलाबाई, तांदूळ निवडत बसली होती. पुष्पलता तिच्याजवळ जाऊन बसली.

"माय, मले नाही जायाचं तिथं."

"तुह्या बापानं हौ म्हटलं."

"अन् ते पहिली?"

"लोकाच्या विहिरीत आपून काहून डोकवाचं वो?" कमलाबाईनं सुपातला खडा काढून टाकला. "देवाचं नाव घे अन् चूप राह्य. त्याईलेच तू पसंत नाही आली तं गोष्ट वेगळी."

आईनं सहज म्हटलं होतं. लेकीनं ते धरून ठेवलं.

गुरुवारी सकाळी कमलाबाई देवापुढे बसली तेव्हा पुष्पलता चुलीशी गेली. लाकडं ओली होती, धूर कोंडला होता. तिनं फुंकणी उचलली, डोळे मिटले आणि फुंकलं. गालात मुंग्या आल्यासारखं झालं. पुन्हा फुंकलं, तशी गालाची कातडी हाडापासून सुटून वर आली. तिनं बोट लावून पाहिलं. आत चुरचुर वाजलं, कुणी मूठभर मुरमुरे भरून ठेवल्यासारखं. ती घाबरली. देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा फुंकलं. डोळा मिटला. गळाही फुगून आला. चूलही छान पेटली.

कमलाबाईच्या हातातली घंटा खाली पडली. डोमाजी धावत आले. मारायला त्यांनी हात उचलला, पण त्या तोंडावर मारायचं कुठं तेच त्यांना कळेना. दवाखान्यात न्यायचं कुणाला सुचायच्या आधीच बाहेर रिक्षा थांबली.

पुष्पलताला पदर ओढून पाटावर बसवलं. भागरथाबाईनं तो स्वतःच्या हातानं वर केला.

"माय, हे तं फुगलेली पुरी हाये!" शालिकराम खिदळला.

भागरथाबाईनं गाल दाबला. "आयक रे शाल्या, वाजते!"

मग शालिकरामनं दाबला. अंगठ्यानं, हळूहळू, गालापासून मिटल्या डोळ्यापर्यंत, जसं लहान पोर खेळणं दाबतं. दुखत होतं. पुष्पलता हलली नाही. दाबू दे, तिनं मनात म्हटलं, पोटभर दाब आणि जा.

डोमाजी खाली मान घालून नकाराची वाट बघत होते. भागरथाबाईनं चहाचा घोट घेतला.

"खरं सांगू का नाकेदार? मी तं नकार द्याले आली होती. फोटो पाह्यला तवाच म्हटलं, बहुत गोरी-गोमटी हाये. पहिलीबी तशीच होती. रस्त्यानं निघाली की पानठेल्यावरचे पोट्टे उठून उभे राहत. तिले सांभाळता सांभाळता माहा जीव गेला." तिनं पुष्पलताकडे बोट केलं. "आता हिच्याकडं कोन पाह्यते? आमाले अशीच पाह्यजे होती."

डोमाजींनी वर पाहिलं. "हौ, हौ. आता हे असंच राह्यते, बाई."

कमलाबाईनं नवऱ्याकडे बघितलं.

पुष्पलताच्या घशातही हवा गेलेली होती. आवाज चिरका, दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा निघाला. "राह्यत नाही. हवा हाये. मीच फुंकणीनं भरली. मले तुमच्या घरी याचं नाही म्हनून. आठ-पंधरा दिवसांत सारं उतरते. डॉक्टरले विचारा!"

डोमाजी तिला मारायला वहाण शोधू लागले. भागरथाबाई मात्र रागावली नाही. लोणच्याची कृती विचारावी तशा सुरात तिनं विचारलं, "फुंकणीनं? आत कुठून गेली वो?"

"दाढ काढली तिथून."

"मंग उतरली तं पुन्हा भरता येते."

"नाही येत. घाव भरला की नाही येत." जिंकल्यासारखं वाटून पुष्पलतानं पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं.

भागरथाबाईनं कप खाली ठेवला. पुष्पलताची हनुवटी धरून तिनं तोंड दाराच्या उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्यानं ओठ वर केला. बाजारात बैल घेताना पाहतात तसं, एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं.

"दात तं बहुत हायेत अजून," ती म्हणाली. मग कमलाबाईकडे वळली. "कुंकू आन वो माय. पोरगी पसंत हाये."