नाव कळेपर्यंत

गाठ आहे.

आंघोळ करताना मनोरमाच्या बोटांना लागली. बेंबीच्या डावीकडे, आत, लिंबाएवढी. दाबली तर हलेना. तिने झटकन हात काढून घेतला, जणू चुकून परक्याच्या पोटाला लागला होता.

आतड्याची सूज तिला लग्नानंतर लवकरच जडली होती. कोलायटिस. कळा, रक्त, संडासाकडे धावणं. भाईंदरच्या जेसल पार्कात, जिथे ती राहायची, पाण्याचा टँकर चुकला की बिल्डिंगमध्ये सगळ्यात आधी तिच्या पोटात धस्स व्हायचं. इतक्या वर्षांत ती अर्धी डॉक्टर झाली होती. त्रास वाढला की स्टेरॉइडच्या गोळ्या वाढवायच्या, उतरला की कमी करायच्या. विचारायचं कुणाला?

पण गाठ कधी नव्हती.

त्यात लेकीचं, सुरुचीचं लग्न ठरलेलं. म्हणजे केळवणं आली. नवऱ्या मुलीला नातेवाईक जेवायला बोलावणार आणि आईने नुसतं ताटावर बसून चालत नाही, खावं लागतं. भाईंदर पश्चिमेला विमलामावशीकडे मनोरमाने पुरणपोळी मोडून बाजूला सारली.

"काय गं, सासू व्हायच्या आधीच नखरे?" मावशी म्हणाली. "जावई पळेल हं!"

सगळे हसले. मनोरमाने पोळी गिळली.

घरी येऊन तिने गोळ्या दुप्पट केल्या.

गाठ नाही.

नाहीच! रोज चाचपून बघायची. आधी सुपारीएवढी झाली, मग बोटांना काही लागेचना. भूक तर अशी, की श्रीखंडाची वाटी ती मागून घ्यायला लागली. गाल वर आले. "आईला माझं लग्न मानवलं," सुरुची म्हणाली. दरवर्षीची दुर्बिणीची तपासणी होती, तिथे मनोरमा नवऱ्याबरोबर, ईश्वरबरोबर, गप्पा मारत गेली.

गाठ होती.

डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. "आतड्यात एक व्रण दिसला. तुकडा काढला, तर त्यात नुसत्या मेलेल्या पेशी. इथे काहीतरी होतं. मध्ये स्टेरॉइड वाढवलंत?"

"छे हो," ईश्वर म्हणाला. "गोळ्यांच्या बाबतीत ही एकदम पक्की."

"दुप्पट केल्या," मनोरमा म्हणाली. "केळवणं होती."

ईश्वरने तिच्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी पाहिलं नाही.

"लिम्फोमाची शंका आहे. कॅन्सरच, पण वेगळ्या जातीचा. जुन्या सुजेत फार क्वचित होतो. या गोळ्यांनी तो विरघळतो, बरा होत नाही. लपतो. आणि नाव पक्कं झाल्याशिवाय मी औषध कसलं देऊ?"

"मग?"

"गोळ्या हळूहळू उतरवायच्या. तो पुन्हा दिसायची वाट बघायची. दिसला की लगेच या."

गाठ येईल.

कधी? बांगड्या भरताना? अक्षता पडताना? हात सारखा पोटाकडे जायचा. काही लागलं नाही की तिला हायसं वाटायचं आणि त्या हायसं वाटण्यानेच छाती धडधडायची. आत कुणीतरी श्वास रोखून बसलंय, आणि त्याला बाहेर ये म्हणून हाक मारायची तीही तिनेच. गोळ्या उतरल्या तशी जुनी सूज मात्र जोरात परतली. रक्त, कळा, पुन्हा रक्त.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ती स्वयंपाकघरात फरशीवरच बसली. ईश्वर पेला घेऊन आला. दुसऱ्या तळहातावर गोळी.

"एकच घे, मनू. उद्याचा दिवस निघू दे."

"तो पुन्हा लपेल."

"लपू दे ना! मला नाही बघवत!"

तिलाही तेच हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा. मग तिने पेला घेतला, नुसतं पाणी प्यायली आणि त्याचा हात धरून पोटावर ठेवला.

"इथे. दाबा."

"नको गं."

"माझ्या बोटांवर माझा भरवसा नाही राहिला. दाबा!"

त्याने दाबलं. बोटं थांबली. त्याचा चेहरा उतरताना तिने पाहिला.

"रिक्षा बघा," ती म्हणाली.

"आणि उद्या? मांडवात तू..."

"अहो, रिक्षा."