तात्यासाहेबांची नवाबी खुर्ची

मी एक खुर्ची. सागवानी, हातांची, वेताच्या बैठकीची. निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर औरंगाबादेत एका जहागीरदाराचं सामान लिलावात निघालं, तेव्हा तात्यासाहेब वकिलांनी मला घरी आणलं. माझ्यावर नवाब बसायचे, असं ते पाहुण्यांना सांगतात. बसायचं ते जहागीरदाराचं मांजर. पण मी कधी तोंड उघडलं नाही.

माझ्यावर बसून तात्यासाहेब स्त्रीस्वातंत्र्यावर बोलत. सून उमा दाराशी उभी राहून ऐके. सासऱ्यांसमोर सुनेनं बसायचं नसतं, एवढं सोडलं तर घर फार सुधारलेलं.

मग कॉलेजातल्या सरोजिनीबाईंनी अमेरिकेतल्या एका बाईचं नाटक मराठीत आणलं. "हिच्या सगळ्या नाटकांत एकीकडे एकटी बाई, दुसरीकडे अख्खं गाव," त्या सांगत. यातली विधवा एकटीच शेत राखते. गावप्रमुख तिला हाकलायला येतो. ती खुर्चीतून उठत नाही. तेवढंच तिचं बंड.

उमाला त्या विधवेचं काम हवंच होतं. तात्यासाहेबांनी परवानगी दिली. अट एकच, गावप्रमुख ते स्वतः होणार. खुर्चीही घरचीच.

तालमीत तात्यासाहेब आत आले की उमा ताडकन उभी. वर पदरही सावरायची.

"उमाताई, हे गाव अमेरिकेतलं आहे," सरोजिनीबाई कपाळाला हात लावत.

"तिकडं सासरे नसतात का हो?"

"असतात. बसलेली सून बघून त्यांना घेरी येत नाही."

तात्यासाहेब मिशीत हसले. "संस्कार आहेत ते. शेवट बदला. ती उठून नमस्कार करते, असं लिहा."

"प्रयोगात उमाताई उठल्या, तर नाटक तिथंच मेलं," सरोजिनीबाई म्हणाल्या.

स्पर्धेतल्या प्रयोगात तात्यासाहेब हॅट घालून आले. उमा सवयीनं उठायला गेली. तिनं माझे हात असे आवळले की वेत करकरला. पण ती उठली नाही.

तात्यासाहेब आपलं वाक्यच विसरले. "सूनबाई, उठा म्हणतो ना."

अमेरिकेत सूनबाई.

प्रेक्षकांत मागून कुणी सिल्लोडकडचा शेतकरी म्हणाला, "बसा बाई. नका उठू."

"बसलेय ती बरी आहे, मामंजी," उमा म्हणाली.

टाळ्यांनी वरचे पत्रे वाजले. परीक्षकांनी अभिनयाचं बक्षीस तात्यासाहेबांना दिलं. राग फार अस्सल वाटला म्हणे.

बक्षिसाचा कप दिवाणखान्यात गेला. सून बसलेली खुर्ची मात्र बाटली. मला शिक्षा म्हणून स्वयंपाकघरात धाडलं. इथं उमा माझ्यावर बसून शेंगा सोलते, पुढच्या नाटकाचं पाठांतर करते.

काल तात्यासाहेब चहासाठी दाराशी येऊन खाकरले. उमानं मान वर केली. "किटलीत आहे. घ्या ओतून."

त्यांनी घेतला. उभ्यानंच प्याले, कारण इथं खुर्ची एकच आहे. मंडळी, दुसरी आणू नका, एवढीच विनंती.